शिराळ्याच्या वेलीवरचं तवसं

आमच्या ह्यांना समुद्रातलं सगळं कळतं. ढगाकडे बघून वारा कुठून सुटणार ते सांगतील, लांबवर दिसणारा दिवा मचव्याचा की मोठ्या बोटीचा ते सांगतील. पण शिराळ्याचं पान कुठलं आणि तवशाचं कुठलं, ते काही त्यांना कळत नाही. दोघांनाही पिवळीच फुलं येतात, मग फरक तो काय, असं त्यांचं म्हणणं. शिराळं म्हणजे आमची पुण्याची सून ज्याला दोडका म्हणते ते, आणि तवसं म्हणजे पावसाळ्यातली ती हातभर लांब, जाडजूड काकडी. आता ह्यात घोटाळा व्हायला वाव आहे का, तुम्हीच सांगा. अशा माणसाच्या हातात मी माझं आगर सोपवलं, त्याची ही हकिकत.

आमचं घर रत्नागिरीच्या थोडं बाहेर, उतारावर आहे. वर पडवी, पडवीपुढे तुळस, आणि जांभ्याच्या पायऱ्या उतरून गेलं की नारळी-पोफळींचं आगर. झाडं सासऱ्यांच्या वेळची. पण त्यांच्या सावलीतलं अळू, हळद, केळी, कोपऱ्यातली बकुळ आणि मांडवावरचे वेल, हे सगळं माझं. हे सारी उमर बोटीवर. इंजिनात काम करायचे. वर्षातले थोडे दिवस घरी यायचे, पाहुण्यासारखे जेवायचे आणि परत जायचे. मुलगा लहान, सासूबाई थकलेल्या, आणि मी विहिरीवरून पाणी काढून झाडं शिंपत असायची. कंटाळा आला की आगरात, राग आला की आगरात. रडायलाही तिथेच जायची, कारण केळीच्या आड कोणाला दिसत नाही.

मग हे कायमचे घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या आगराची बोट झाली. सगळं बांधून टाकायला सुरुवात. कुठून तरी निळ्या नायलॉन दोरीचं भलंमोठं भेंडोळं आणलं आणि वांग्याला गाठ, मिरचीला गाठ, केळीला तर चारी बाजूंनी. गाठीही अशा की माझ्या बापजन्मात सुटायच्या नाहीत, कोयतीच लागते. मी एकदा विचारलं, "अहो, भेंडी काय पळून जाणार आहे?" तर म्हणतात, "बांधलेलं बरं गो. वाऱ्याचा भरवसा नाही." वारा कुठला, पान हलत नव्हतं!

पण खोटं कशाला बोलू, मला मजा यायची. सकाळी गवती चहाची पात तोडून चहा करायचा, दोन कप घेऊन विहिरीच्या कठड्यावर बसायचं आणि कुकुडकोंबा, म्हणजे भारद्वाज, दिसतो का बघायचं. दिसला की दिवस चांगला जाणार म्हणून मी खूश, नाही दिसला तर तो कुठल्या माडामागे लपलाय ते हे ठामपणे सांगणार. पहिली कोवळी भेंडी तिथल्या तिथे कच्ची खायची. श्रावणात हळदीची पानं काढताना हाताला येणारा वास दिवसभर जपायचा, पातोळ्या करायच्या त्या नंतर. भांडणंसुद्धा आमची आगरातच रंगतात. घरात मेला टीव्ही चालू असतो, अर्धं ऐकूच येत नाही.

गेल्याच्या गेल्या दिवाळीनंतर मी त्या पायऱ्यांवरून पडले. हातात अळूची पानं होती, ती नाही सोडली, खुबा मोडून घेतला. ऑपरेशन झालं, काठी आली, आणि डॉक्टर म्हणाले, "आजी, आता फक्त सपाट जमिनीवर चालायचं." कोकणात सपाट जमीन कुठे असते, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. आगर बंद. पडवीतली खुर्ची माझी आणि मी खुर्चीची.

मुलगा पुण्याहून आला. चांगला आहे हो माझा मुलगा, पण काळजी करायला लागला की त्याचा आवाज साहेबासारखा होतो. "आई, आता पुरे. दोघंही पुण्याला चला. बिल्डिंगला लिफ्ट आहे, खाली बाग आहे, बाकडी आहेत." मी बघितलेली आहे ती बाग. गवतावर पाय ठेवू नका, अशी पाटी आहे तिथे. मी ह्यांच्याकडे बघितलं. वाटलं, हे काहीतरी बोलतील. तर हे नखाखालची माती काढत म्हणाले, "तू म्हणशील तसं. लिफ्ट असते ती चांगलीच." माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला! म्हटलं, ह्या माणसाला काय, जन्मभर बॅग उचलून निघायची सवय. आज इथे, उद्या तिथे. ह्याचं काय जातंय?

त्या रागात मी बोलून बसले. म्हटलं, "येत्या गणपतीला माटवीला आपल्या आगरातलं तवसं टांगायला मिळालं, तर मी इथून हलणार नाही. नाही मिळालं, तर विसर्जन झालं की तू म्हणशील तिथे येते. मग आगर असलं काय नि नसलं काय."

ज्यांना ठाऊक नाही त्यांना माटवी सांगते. गणपती बसतो त्याच्या डोक्यावर आमच्याकडे एक लाकडी चौकट टांगतात. तिला आंब्याचे टाळे म्हणजे डहाळ्या, नारळ, सुपारीचं शिपटं म्हणजे घोस, रानातली फुलं-फळं आणि मधोमध तवसं बांधायचं. आमच्या सासूबाईंचा दंडक असा, की माटवीला लागेल ते आपल्या जमिनीतलं किंवा रानातलं. विकतचं पानही नाही. विकतचं आपण खावं, देवाला दाखवायचं ते आपल्या हातचं. त्यांच्यामागे मी तो मोडला नव्हता. एका वर्षी माकडांनी सगळा मांडव मोडला होता, तेव्हा उरलेलं एकच बोटभर तवसं टांगलं होतं. शेजारणी हसल्या. हसू देत.

ह्यांना बोटीवर असताना गणपतीची सुट्टी क्वचितच मिळाली. पण कुठल्या तरी बंदरातून फोन करायचे, आणि पहिला प्रश्न काय, "तवसं केवढं झालं?" बायको कशी आहे, पोराला ताप होता तो उतरला का, काही नाही. तवसं! मी रागाने सांगायची, "झालंय तुमच्या मनगटाएवढं," किंवा "करपलंय मेलं, पाणी घालायला जमलं नाही." ह्या प्रश्नाचा राग मी बरीच वर्षं पोटात धरून होते.

तर मिरग लागला आणि ह्यांनी बिया रुजवल्या. मी वरून ओरडणार, हे खालून ओरडणार. "इथे?" "तिथे नाही हो, मांडवाच्या पलीकडच्या खांबाशी! तो शिराळ्याचा खांब!" मला वरून मांडव दिसेना म्हणून ह्यांनी आपली जुनी दुर्बीण आणून दिली, आणि समोरच्या केळीची पानं छाटून नेमकी फट पाडली. त्या फटीतून मला मांडवाचा अलीकडचा अर्धा भाग दिसायचा. मी दिवसभर दुर्बीण लावून बसायची. आमची चुलत जाऊ रस्त्याने जाता जाता म्हणाली, "वैनी, बंदरावर पहारा ठेवलाय की काय?" म्हटलं, हो, एक खलाशी कामचुकार आहे, त्याच्यावर.

रोज सकाळी हे पायऱ्यांच्या खाली उभे राहून बातमी द्यायचे. वेल मांडवावर चढला. फूल आलं. मग एक दिवस आवाज चढवून, "धरलं गो! बोटाएवढं धरलंय!" मला इतका आनंद झाला, की तो दाखवायचा नाही म्हणून मी म्हटलं, "खालून गवताची चुंबळ द्या, नाहीतर कुजेल." आणि आनंद कोणापासून लपवत होते? ह्यांना तर पुण्याची लिफ्ट हवी होती. मनात म्हटलं, बघाच आता, तुमच्या हातूनच वाढवून घेते आणि तुमचंच जाणं चुकवते.

श्रावण संपत आला तसा एका दुपारी खाली माकडांचा दंगा ऐकू आला. हे डबा वाजवत धावले. बऱ्याच वेळाने वर आले ते भिजलेले आणि गप्प.

"तवसं?" मी विचारलं.

"आहे, आहे. केळीचा घड नेला मेल्यांनी."

त्या दिवसापासून बातम्या तुटक झाल्या. "कसं आहे?" "ठीक आहे." एवढंच. मग गणपतीला थोडे दिवस राहिले असताना हे म्हणाले, मालगुंडला जुन्या दोस्ताकडे जाऊन येतो. आले ते मोठी पिशवी घेऊन, आणि घरात न येता परस्पर आगरात उतरले. मी विचारलं तर म्हणे खत आहे. दोस्ताकडून खत? असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुर्बीण लावली, आणि फटीत, अगदी मधोमध, तवसं! चांगलं दंडाएवढं, पिवळट झाक आलेलं, देखणं. मी आनंदाने काठी आपटली. "अहो, दिसलं! दिसलं हो!" हे खालून म्हणाले, "मी सांगत होतो ना." आवाज जरा बारीकच होता.

आनंद दुपारच्या चहापर्यंत टिकला. मग मी पुन्हा दुर्बीण लावली आणि नीट बघायला लागले. तवसं पलीकडच्या खांबाला लावलेलं, ते अलीकडे कसं आलं? बरं, वेल येतो हिंडत. पण पान? पान शिराळ्याचं. शेजारी दोन शिराळीही लोंबत होती, आणि मधे हे. दुसऱ्या दिवशी बघितलं, तेवढंच. तिसऱ्या दिवशीही तेवढंच, उलट जरा मलूल. आणि देठाशी काहीतरी निळं.

मी काही बोलले नाही. आधी राग आला. देवाच्या वस्तूत लबाडी! मग हसू आलं, इतकं की खुर्चीत हलायला लागले. शिराळ्याच्या वेलीला तवसं लागलेलं बघायचं माझ्या नशिबात होतं तर! आणि मग एकदम ध्यानात आलं. म्हणजे माझं तवसं गेलं. म्हणजे पुणे.

गणपती उद्यावर आला. मुलगा आणि सून संध्याकाळी पोचणार होते. हे आंब्याचे टाळे आणायला गेले. घरात कोणी नव्हतं. मी ठरवलं, जायचंच असेल तर एकदा आगर बघून जायचं. काठी पडवीत ठेवली आणि पहिल्या पायरीवर बसले. बसूनच खालच्या पायरीवर सरकले. मग त्याच्या खालच्या. लहान पोरं उतरतात तसं, बुडावर. लुगड्याला सगळं शेवाळ. एक खार माझ्याकडे बघत थांबली होती. म्हटलं, हस बाई, तूही हस.

खाली माती लागली, ओली. किती दिवसांनी पायाला लागली! हळदीत हात घातला, पान चुरगळलं, नाकाशी धरलं आणि तिथेच मला रडू आलं. लाज नाही वाटली. केळीच्या आडच होते ना.

मग खांब धरत धरत मांडवाच्या पलीकडे गेले. तवशाचा वेल माकडांनी ओढून बुंध्याशी मोडला होता. आणि त्या मोडलेल्या जागी बांबूच्या दोन कामट्या लावलेल्या. वरून बँडेज गुंडाळलेलं. माझ्या खुब्याच्या वेळचं उरलेलं, कपाटातलं. आणि त्यावर निळ्या दोरीची गाठ. वेल कधीच सुकून गेला होता, पानांचा चुरा झाला होता, तरी ते सोडलेलं नव्हतं. भोवतीची माती ओली होती. हा माणूस त्याला अजून पाणी घालत होता.

"अगो! तू खाली कशी?"

मागे हे उभे. खांद्यावर टाळे, चेहरा पांढराफटक. माझ्या पडण्याने घाबरलेला माणूस तो, ओरडायलाच लागला. "डॉक्टरनी सांगितलंय ना! कशी उतरलीस? आता वर कशी जाणार?"

मी म्हटलं, "ते राहू दे. आधी सांगा, शिराळ्याला तवसं कधीपासून धरायला लागलं?"

ह्यांनी टाळे खाली ठेवले, त्या अलीकडच्या तवशाकडे बघितलं, आणि म्हणतात काय, "पान चुकलं का?"

"पान चुकलं, वेल चुकला, सगळं चुकलं! आणि गाठ कशाला मारलीत ती? जहाज बांधायला?"

"पडलं असतं ना गो."

मला हसू आवरेना. हेही हसले. हसता हसता मी विचारलं, "पण का हो? तुम्हाला तर जायचं होतं. लिफ्ट चांगली असते ना?"

हे विहिरीच्या कठड्यावर बसले. म्हणाले, "आयुष्यभर तुला इथे टाकून मी गेलो. आता राहू या म्हणायला मला तोंड आहे का? तुझा खुबा मोडला. तुला तिकडे बरं वाटणार असेल तर मी कोण नको म्हणणार? पण तूच तवशावर ठेवलंस, तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, एवढं तर आपण करू. तेही माकडांनी..."

मी म्हटलं, "तवसं, तवसं! बोटीवरूनसुद्धा तेच. कधी विचारलंत, तू कशी आहेस?"

तर हे माझ्याकडे बघून म्हणाले, "विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस? मी बरी आहे. नेहमी तेच म्हणायचीस, तापाने फणफणलेली असलीस तरी. तवशाचं मात्र खरं सांगायचीस. चांगलं झालंय म्हणालीस की कळायचं, घर ठीक आहे. करपलं म्हणालीस की त्या रात्री मला झोप नाही."

इतकी वर्षं पोटात धरलेला राग मी आता ठेवू तरी कुठे? मी हळदीचं चुरगळलेलं पान तसंच हातात धरून उभी राहिले. मग डोळे पुसले आणि म्हटलं, "कोयती आणा. ते काढा आधी. शिराळ्याचा वेल वाकलाय बिचारा."

वर जायला आम्हाला तास लागला असेल. ह्यांनी माडापासून पडवीच्या खांबापर्यंत पायऱ्यांच्या कडेने दोरी ताणली, हाताला धरायला जागोजाग गाठी मारून. बोटीवर अशीच असते म्हणे, वादळात डेकवर चालताना धरायला. मी एक गाठ धरायची, एक पायरी चढायची, ह्यांचा हात पाठीशी. त्या गाठींना मी इतकी वर्षं शिव्या घातल्या, त्या सगळ्या मनातल्या मनात परत घेतल्या. तोंडाने काही बोलले नाही. शेफारतात.

दुसऱ्या दिवशी गणपती बसला. माटवीच्या मधोमध त्या खताच्या पिशवीतून आलेलं मालगुंडचं तवसं. बांधताना माझा हात जरा थांबला, सासूबाईंची आठवण झाली. मनात म्हटलं, आई, दुसऱ्याच्या आगरातलं आहे खरं, पण तुमच्या मुलाच्या हातचं आहे, ह्यावेळी चालवून घ्या. मुलगा वर बघत होता. म्हणाला, "आई, हे आपल्याच आगरातलं?"

"आगरातूनच आणलंय. बाबांना विचार." आणि देवासमोर उगाच नको म्हणून पुढचंही सांगितलं. माकडं, बँडेज, शिराळ्याचा वेल, सगळं. सून तोंडाला पदर लावून हसायला लागली. मुलगा नाही हसला. उठला, पडवीत गेला, पायऱ्यांच्या कडेची दोरी ओढून बघितली, एकेक गाठ बघितली. परत आला आणि बाबांना म्हणाला, "पावसाळ्यानंतर इथे लोखंडी कठडा बसवून घेऊ. तोवर दोरी बरी आहे."

पुण्याचं नाव पुन्हा निघालं नाही. मी तरी कशाला काढू?

विसर्जन झाल्यावर ते तवसं उतरवलं. अर्ध्याचं गूळ-रवा घालून धोंडस, म्हणजे आमचा काकडीचा केक, केलं, मुलगा-सून डब्यात घेऊन गेले. बिया मी राखेत घोळवून न्हाणीजवळच्या भिंतीला वाळायला थापून ठेवल्या, पुढच्या मिरगासाठी. दुसऱ्या दिवशी सकाळी दोरी धरत धरत चहाला खाली उतरले, तर हे मांडवाखाली उभे, वर बघत.

"काय गो, ह्या बिया पुढच्या वर्षी शिराळ्याच्या जवळ लावायच्या की लांब?"

म्हटलं, "लांब. तुम्हाला ओळखू येईल एवढ्या लांब. आणि त्या दिवशी मी खाली असेन, मला वरून ओरडायला लावू नका."